गाडी ढकलणार कोण?

यंदा मार्चच्या आरंभी आम्ही उभयता इंग्लंडमध्ये, शेफील्डला मुलाकडे गेलो. सुनेला नववा महिना लागला होता आणि थोरला नातू बावीस महिन्यांचा होता. पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेले. दुसऱ्याचीही तारीख तशीच ठरलेली. मुलाला रजा दोन आठवड्यांची. त्यानंतर नातवाला पाळणाघरात नेणे-आणणे आणि तान्ह्याला दुपारी थोडी हवा दाखवून आणणे ही कामे कोणाकडे येणार, याविषयी घरात कोणी काही बोलले नव्हते. तरी सर्वांना ते ठाऊक होते.

पोचल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही दोन मुलांची बाबागाडी घ्यायला निघालो. मुलाने महिनाभर अभ्यास करून एक गाडी निवडून ठेवली होती. वर एक बैठक, खाली एक बैठक, दिसायला देखणी, वजन पंधरा किलो. दुकानातल्या मुलीने ती पुढे आणली आणि एक साधा प्रश्न विचारला, "ही गाडी सर्वांत जास्त कोण ढकलणार आहे?" मुलाने सुनेकडे पाहिले, सुनेने यांच्याकडे, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "आई, एकदा घडी घालून उचलून बघ ना. डिकीत ठेवता यायला हवी."

मी जागची हलले नाही. जानेवारीत पुण्याला हाडांच्या घनतेची तपासणी केली होती. कण्याचा टी-स्कोअर उणे २.८ आला होता. उणे २.५ किंवा त्याखाली आकडा गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितले आणि एक गोष्ट बजावली : पुढे वाकून जड वस्तू उचलायची नाही. ठिसूळ मणका अशाच क्षणी दबतो. पडावे लागत नाही, बादली उचलणेही पुरते. हे मी मुलाला कळवले नव्हते. सांगितले तर "मग तू येऊच नकोस" असे तो म्हणेल, ही भीती होती. सदुसष्टाव्या वर्षी नातवंडांच्या उपयोगी पडण्याची संधी कोण सोडील?

शेवटी हेच म्हणाले, "ती उचलणार नाही." आणि त्या बाबागाड्यांच्या रांगेत उभ्या उभ्या मला सगळे सांगावे लागले. मुलगा काही वेळ गप्प राहिला. सून खुर्चीवर बसली होती, ती म्हणाली, "आई, हे आधी सांगायचं होतंत. आता गाडी तुमच्या मापाने घेऊ."

त्या दिवशी आम्ही गाडी न घेताच परतलो. पुढच्या आठ दिवसांत जे पाहिले, मोजले आणि विचारले, त्यातले बरेचसे इथे लिहीत आहे. कारण दुसऱ्या नातवंडासाठी परदेशी जाणारे आजी-आजोबा आपल्या वाचकांत पुष्कळ असतील, आणि बाबागाडी निवडताना त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

या गाडीच्या इतिहासात एक आजोबा आहेतच. आज सर्वत्र दिसणारी, छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी १९६५ मध्ये ओवेन मॅकलारेन यांनी तयार केली. ते निवृत्त विमान-अभियंते; दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली, तेव्हा जुन्या पद्धतीची अवजड गाडी घेऊन प्रवासात तिची होणारी ओढाताण त्यांनी पाहिली आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहून कमी वजनाची गाडी बनवली. मूल बसवायचे आहे म्हणून नव्हे, तर ती गाडी वाहणाऱ्या बाईचे हात त्यांना दिसले म्हणून हा शोध लागला, असे मला वाटते. दोन मुलांच्या गाडीत मात्र आपण पुन्हा त्या जुन्या वजनाकडे वळतो. बहुतेक दुहेरी गाड्या दहा ते सोळा किलोंच्या असतात.

आधी तान्ह्या बाळाचा विचार करू, कारण तिथे तडजोड नाही. बाळ साधारण तीन-चार महिन्यांनी मान धरते. आधाराशिवाय बसायला सहा महिने किंवा अधिक लागतात. तोपर्यंत त्याला गाडीत सपाट, उताणेच झोपवायला हवे. अर्धवट बसत्या बैठकीत बाळाचे डोके पुढे कलंडते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबते. बाळ रडत नाही, धडपडत नाही; शांत झोपल्यासारखे दिसते. धोका नेमका त्यातच आहे. म्हणून दुहेरी गाडीची किमान एक बैठक पूर्ण आडवी होते का, किंवा तिच्यावर सपाट पाळणा बसतो का, हे प्रथम पाहावे. विक्रेत्याने "जन्मापासून चालेल" म्हटले तरी बैठक स्वतः पाडून, तळहात फिरवून पाहावा. पुष्कळ दुहेरी गाड्यांत दोनपैकी एकच जागा तान्ह्यासाठी योग्य असते, आणि ती कोणती हे पुस्तिकेच्या बारीक अक्षरांत दडलेले असते.

मोटारीतली बाळाची खुर्ची थेट बाबागाडीवर बसवण्याची सोय हल्ली असते. झोपलेल्या बाळाला न उठवता मोटारीतून उतरवता येते, हे खरे. पण ती खुर्ची मोटारीतल्या प्रवासासाठी आहे, झोपेसाठी नाही. दोन तास ही तिची वरची मर्यादा सांगितली जाते, आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याहूनही फार कमी वेळ. बाजारात तासभर फिरायचे असेल तर बाळाला पाळण्यातच घ्यावे.

आणखी एक आपली सवय. ऊन लागू नये म्हणून आपण टपावरून दुपटे सोडतो. मायेपोटीच, पण आत हवा खेळत नाही, उष्णता साठत जाते आणि बाळ दिसेनासे होते. टप पुढे ओढावा, सावलीची बाजू धरावी, दुपटे खांद्यावर राहू द्यावे.

आता थोरल्याकडे. बावीस महिन्यांच्या मुलाचे वजन अकरा-बारा किलो, तान्ह्याचे तीन-चार. शेजारी-शेजारी बैठका असलेल्या गाडीत हा फरक जाणवतो. गाडी जड बाजूला ओढ घेते आणि मनगटाने ती सतत सरळ करावी लागते. एकामागे एक किंवा वर-खाली बैठका असलेली गाडी अरुंद दारातून सहज जाते, पण ती लांब असते. पायरी चढवताना पुढची चाके उचलायची म्हणजे दोन्ही मुलांचा भार हँडलवर दाबावा लागतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे, अंगठा मिटून मनगट वळवताना कळ येणे ही तक्रार बाळ उचलणाऱ्या आयांना आणि आज्यांना नेहमी होते. ज्यांना ती आहे त्यांनी दुकानात गाडी रिकामी ढकलून समाधान मानू नये. आम्ही दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा एका बैठकीत नातवाला आणि दुसरीत चार किलो साखर ठेवली. दुकानातली मुलगी हसली खरी, पण तिनेच मग आम्हाला बाहेरच्या उतारावर गाडी नेऊ दिली.

वर-खाली बैठकांविषयी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार यांच्या गटाने बाबागाड्यांत हवा मोजणारी यंत्रे ठेवून, मुलांना शाळेत सोडण्याच्या वेळी रस्त्यांवरून फेऱ्या केल्या. २०२० मध्ये त्यांनी सांगितले, की गाडीतल्या मुलांच्या श्वासात मोठ्यांपेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण जाऊ शकते. आणि दुहेरी गाडीत खालच्या बैठकीला वरच्यापेक्षा ७२ टक्क्यांपर्यंत अधिक. मोटारींचा धूर ज्या उंचीवर निघतो, त्याच उंचीवर खालचे मूल बसलेले असते. हे वाचल्यावर वर-खाली गाडी आमच्या यादीतून गेलीच. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी वाहत्या रस्त्याऐवजी मागची गल्ली धरावी आणि सिग्नलपाशी गाडी मोटारींच्या मागच्या बाजूपासून दूर उभी करावी. तेवढ्यानेही फरक पडतो.

शेफील्ड टेकड्यांवर वसलेले आहे. मुलाच्या घरापासून पाळणाघर जेमतेम नऊशे मीटर, पण जाताना उतार आणि येताना चढ. गाडी, दोन मुले आणि सामान मिळून तीस-बत्तीस किलो होतात. दहा पावलांना एक पाऊल चढणाऱ्या रस्त्यावर ही गाडी तीन किलोंच्या ओढीने मागे येते. सहाला एक असेल तर पाच किलोंहून अधिक. ढकलताना हे जमते. प्रश्न येतो तो उतारावर, मोबाइल वाजला किंवा थोरल्याची टोपी उडाली, की हात सुटतो तेव्हा. म्हणून हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा हवाच. नसेल तर गाडीच्या उत्पादकाकडूनच मागवावा. थांबल्यावर आधी ब्रेक, मग बाकी सगळे. अगदी सपाट दिसणाऱ्या जागीही. ऑक्टोबर २००९ मध्ये मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकात आईने क्षणभर हात काढला आणि बाबागाडी फलाटावरून घरंगळत थेट रुळांवर, येणाऱ्या गाडीपुढे गेली. बाळ वाचले, हे नवलच. फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करावी, तोंड रुळांकडे कधीच नको.

ब्रेक पाहताना पायात आपली नेहमीची चप्पल असावी. काही ब्रेक दाबून लागतात पण सुटताना पायाच्या बोटांनी वर उचलावे लागतात. बूट घालणाऱ्याला ते जाणवत नाही. चप्पल किंवा सॅंडल घालणाऱ्या आजीचा अंगठा सोलवटतो, आणि मग ती ब्रेक लावायचाच कंटाळा करू लागते. दोन्ही वेळा वरून दाबायचा पसरट ब्रेक सर्वांत बरा.

हँडलची उंची हा वादाचा विषय झाला. मुलगा पाच फूट दहा इंच, मी पाच फूट. त्याला सोयीचे हँडल मला जवळजवळ छातीशी येत होते आणि खांदे उचलले जात होते. कोपर किंचित वाकलेले, मनगट सरळ आणि पाठ ताठ राहील, म्हणजे साधारण बेंबी आणि कोपर यांच्या मधली उंची योग्य. खालीवर होणारे हँडल घेतले तर हा वाद मिटतो. मात्र त्या हँडलला पिशव्या टांगू नयेत. थोरले मूल उतरले की गाडीचा तोल जातो आणि पिशव्यांच्या भाराने ती तान्ह्यासकट मागे उलटते. सामान खालच्या जाळीत.

आजोबांसाठीही एक शब्द. बाबागाडी ही चालायला आधार देणारी वॉकर नव्हे. चाके पुढे पळतात, अंग मागे राहते. ज्यांना तोल जाण्याचा त्रास आहे, रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना अंधारी येते, त्यांनी एकट्याने दोन मुलांची गाडी बाहेर नेऊ नये. यांचा उजवा गुडघा बदललेला आहे. यांनी नातवाचा हात धरून गाडीच्या बाजूने चालायचे, असे ठरले, आणि त्यात यांना मुळीच कमीपणा वाटला नाही. उलट, चालू शकणारे मूल सर्वकाळ गाडीत बसून राहावे तरी कशाला?

त्यावरून एकेरी गाडीच्या मागे चाकांची फळी जोडून थोरल्याला तिच्यावर उभे करण्याचा पर्याय पुढे आला. स्वस्त आणि आटोपशीर. वर्षभरात थोरला गाडीत बसायचे सोडणारच असेल, तर दुहेरी गाडीचा खर्च टाळता येतो. मी दोन दिवस शेजाऱ्यांची अशी गाडी ढकलून पाहिली. फळीमुळे हँडलपासून दूर उभे राहावे लागते, पुढे झुकून चालावे लागते आणि नडगी फळीला आपटते. तरुण आईला हे चालेल. माझ्या कण्याला नेमके तेच वर्ज्य होते.

बसचाही विचार करावा लागतो. ब्रिटनच्या बसमध्ये बाबागाड्या ज्या मोकळ्या जागेत उभ्या करतात ती मूळची चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांसाठी असते. डग पॉली या प्रवाशाला २०१२ मध्ये तिथे झोपलेल्या बाळाची गाडी असल्यामुळे बसमध्ये चढता आले नव्हते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटले, की चालकाने नुसती विनंती करून थांबू नये, जागा मोकळी व्हावी म्हणून आणखी प्रयत्न करावा. हा निर्णय मला योग्यच वाटतो. पण याचा अर्थ असा, की आजी दोन मुलांसह बसमध्ये असेल तर तिच्यावर गाडी मिटवण्याची वेळ येऊ शकते : एका हातात तान्हे, दुसऱ्या हाताने बारा किलोंची घडी. म्हणून मी आमच्यापुरता नियम केला. दोन्ही मुले असताना पायी जाता येईल तेवढेच जायचे.

घडी घालताना थोरल्याला दोन हात दूर उभे करावे, हेही सांगायला हवे. मघाशी ज्या छत्री-गाडीचे कौतुक केले, त्याच मॅकलारेन नावाच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर झाकणे बसवण्याची मोहीम नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत काढावी लागली होती. घडी उघडताना मुलांची बोटे त्यांत सापडत होती. बोटाचे टोक तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. कोणाची वापरलेली गाडी मिळत असेल तर अवश्य घ्यावी, पण बिजागऱ्या, ब्रेक आणि पाच ठिकाणी अडकणारे पट्टे नीट तपासून. आणि त्या नमुन्याची गाडी कधी परत मागवली गेली होती का, हे मुलांना पाहायला सांगून.

शेवटी आम्ही शेजारी-शेजारी बैठकांची, सुमारे अकरा किलोंची, दोन्ही बाजू सपाट होणारी गाडी घेतली. रुंदी चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. घराचे दार मी शिवणाच्या टेपने तीनदा मोजले होते, उघडल्यावर सत्त्याहत्तर. सपाट पाळण्यातल्या तान्हीचे तोंड माझ्याकडे असते, हे त्यातले सुख. डंडी विद्यापीठातल्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाहणीतून दाखवले होते, की मुलाचे तोंड ढकलणाऱ्याकडे असले तर मोठी माणसे त्याच्याशी दुपटीने बोलतात. आमच्या घरात मराठी बोलणारे माणूस सहा महिनेच राहणार होते, तेव्हा मला ते मोलाचे वाटले.

गाडी उचलण्याचा प्रश्न असा सुटला, की ती उचलायचीच नाही. दारापुढे तीन पायऱ्या आहेत. मुलगा कामावर जाताना गाडी खाली उतरवून, फाटकाजवळच्या खोपटात कुलूप लावून ठेवी आणि संध्याकाळी वर आणी. आधी थोरला हे यांचा हात धरून खाली उतरे, मग मी तान्हीला छातीशी धरून कठड्याच्या आधाराने. बाळ गाडीत ठेवतानाही कमरेतून न वाकता गुडघे वाकवून खाली जायचे, हे पुण्याच्या फिजिओथेरपिस्टनी शिकवले होते, ते कामी आले. सूनबाईंना सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचे नव्हते. आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीत आणि त्या सल्ल्यात आठवड्याभराचेच अंतर, असे मी म्हटले तेव्हा तिथली सुईण खूप हसली. सातव्या आठवड्यापासून सूनच तान्हीला अंगाशी बांधलेल्या झोळीत घेऊन आमच्याबरोबर चालू लागली, आणि पुष्कळ दिवस एक बैठक रिकामीच राहिली. तिच्यात भाजी येई.

दुहेरी गाडी घ्यावीच का, असे आता कोणी विचारले तर मी आधी मुलांमधले अंतर विचारीन. दोन वर्षांहून कमी असेल आणि मुलांना रोज पायी न्यायचे असेल तर घ्यावी. थोरला तीन वर्षांचा होत आला असेल, तर एकेरी गाडी, झोळी आणि आजोबांचा हात पुरे. आपल्या शहरांत, जिथे पदपथ मध्येच संपतो, दुचाकी त्यावर उभ्या असतात आणि रिक्षात गाडीची घडीही मावत नाही, तिथे तर झोळी आणि हलकी एकेरी गाडी हेच बहुतेक घरांना सोयीचे. दुहेरी गाडी सोसायटीच्या आवारात किंवा बागेत फिरवता येते, पण त्याआधी ती तिथवर पोचली पाहिजे. जुन्या इमारतींतल्या चार-सहा माणसांच्या लिफ्टचे दार साधारण सत्तर सेंटिमीटरच असते.

डिसेंबरात सगळे पुण्याला येणार आहेत. गाडी बरोबर आणू का, असे मुलाने परवा विचारले. मी टेप घेऊन खाली गेले. आमच्या लिफ्टचे दार एकोणसत्तर. त्याला कळवले आहे, की झोळी आण आणि जुनी एकेरी गाडी आण. आणि हो, ती विमानात चढवताना घडी तूच घाल.